बर्लिनच्या गॅसबत्त्या आणि खांब जपण्याचा देखावा

रस्त्यावर आजही गॅसवर जळणाऱ्या दिव्यांची मोजदाद करायची झाली, तर जगातला सर्वांत मोठा वाटा एकट्या बर्लिनच्या पदरात पडतो, हे इथे राहणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसते. २०११च्या सुमारास या शहरात असे ४० हजारांहून अधिक दिवे होते आणि जगातले निम्म्याहून जास्त गॅसदिवे इथेच आहेत, असे तेव्हा सांगितले जाई. त्यानंतर शहर प्रशासनाने ते टप्प्याटप्प्याने विजेवर न्यायला सुरुवात केली आणि आज त्यांतले सुमारे अर्धेच उरले आहेत. पुढचा बेत असा, की शहरातल्या सव्वादोन लाख पथदिव्यांपैकी साधारण ३,३०० दिवे वारसा म्हणून गॅसवर ठेवायचे आणि बाकीच्यांचा गॅस कायमचा बंद करायचा. या बेतावर इथे कित्येक वर्षे वाद चालू आहे. दोन्ही बाजूंचे थोडेथोडे मला पटते. प्रशासन जी तडजोड पुढे करते आणि बहुतेक नागरिक जी मुकाट्याने मान्य करून मोकळे होतात, ती मात्र मला मुळीच पटत नाही. जुना खांब तसाच राहू द्या, वरचा कंदीलही तसाच राहू द्या, आत तेवढा एलईडी बसवू, अशी ती तडजोड आहे. पुण्यात जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा राखून त्याच्यामागे सात मजली इमारत उभी करतात आणि वाडा जपल्याचे सांगतात, त्यातला हा प्रकार आहे.

माझा आक्षेप कळण्यासाठी हा दिवा जवळून पाहायला हवा. मी राहते त्या गल्लीत अजून गॅस आहे. खांब बिडाचा, उभ्या खाचांचा, आणि त्याच्या वरच्या टोकाखाली एक आडवी दांडी आहे, जिला पूर्वी शिडी टेकवीत असत. त्यावर मुलामा दिलेली पत्र्याची टोपी, टोपीखाली काचेचा घुमट आणि घुमटाच्या आत ओळीने लोंबणारी चार मेंटल. मेंटल म्हणजे काय, हे गावाकडची वरात, जत्रा किंवा कोकणातले गणपतीचे भजन पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. बत्तीवाला पाकिटातून नवे मेंटल काढतो, नळीच्या तोंडाला दोऱ्याने बांधतो आणि काडी लावतो. कापड जळून जाते आणि मागे उरते ती पांढरी, राखेची जाळी, जिला बोट लागले की भुगा होतो. बर्लिनच्या रस्त्यावरच्या दिव्यात जळते ते हेच. ज्या पेट्रोमॅक्समुळे आपल्याकडच्या वरातींना उजेड मिळाला, तो पेट्रोमॅक्सही मुळात बर्लिनचाच. ट्रेप्टो भागातल्या ‘एरिश उंड ग्रेट्स’ या कारखान्याने तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आणला. रस्त्यावरच्या कंदिलात रॉकेल आणि पंप नाही, गॅस थेट जमिनीखालच्या नळातून येतो, एवढाच काय तो फरक.

या जाळीचे रसायनही थोडे सांगण्यासारखे आहे, कारण त्यात आपला हात आहे. ऑस्ट्रियन रसायनज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये मेंटलचे पहिले पेटंट घेतले आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण त्यांना सापडले. गॅसची ज्योत स्वतः फारसा उजेड देत नाही. ती या ऑक्साइडांची जाळी तापवते आणि तापलेली जाळी झळाळते. त्यामुळे तेवढ्याच गॅसमध्ये पूर्वीच्या उघड्या ज्योतीच्या कितीतरी पट उजेड पडू लागला आणि थोरियमला एकदम भाव आला. त्रावणकोरहून जर्मनीत येणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला १९०९ मध्ये मोनाझाइट हे थोरियम असलेले खनिज आढळले, आणि लवकरच त्रावणकोरमधल्याच मणवालकुरिचीच्या किनाऱ्यावरची वाळू थोरियमसाठी जर्मनीकडे निघू लागली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत तुर्भ्याला इंडियन रेअर अर्थ्सचा थोरियम कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला, तो अणुऊर्जेच्या संदर्भात सगळ्यांना माहीत असतो. पण तिथे तयार होणारे थोरियम नायट्रेट वर्षानुवर्षे मेंटल बनवणाऱ्यांकडे जात होते, याची आठवण क्वचितच कोणी काढते. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असल्याने हल्ली बऱ्याच मेंटलांत त्याच्या जागी यिट्रियम वापरतात. त्याचा उजेड थोडा वेगळा पडतो अशी जुन्या लोकांची तक्रार ऐकायला मिळते, आणि ती निव्वळ खोड आहे असे मला वाटत नाही.

इतक्या उशिरापर्यंत हे दिवे टिकलेच कसे, हा प्रश्न इथे नव्याने आलेला प्रत्येक जण विचारतो. बर्लिनमध्ये पहिले गॅसदिवे १८२६ मध्ये उंटर डेन लिंडेन या राजरस्त्यावर लागले, तेही एका इंग्रज कंपनीने लावलेले. शहराचा स्वतःचा गॅस कारखाना त्यानंतर वीस-एक वर्षांनी आला. १८८२ मध्ये सीमेन्सने लाइपत्सिगर श्ट्रासे आणि पोट्सडामर प्लाट्झवर विजेचे कमानदिवे (आर्क लॅम्प) उजळले, तेव्हा गॅसचे दिवस भरले असे जाणत्यांना वाटले असणार. योगायोग असा, की आपल्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये वीज आली तीही १८८२ मध्येच, आणि ती पुरवणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. बर्लिनमध्ये गॅसला वाचवले ते मेंटलने. स्वस्तात भरपूर उजेड मिळू लागल्यावर निवासी गल्ल्यांतले दिवे विजेवर नेण्याची निकडच उरली नाही.

दुसऱ्यांदा त्याला वाचवले ते राजकारणाने. महायुद्धानंतर शहराचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडच्या राजवटीने आपले गॅसदिवे हळूहळू मोडीत काढले. पश्चिम बर्लिन हे मात्र चहूबाजूंनी वेढलेले बेट होते. १९४८-४९च्या सोव्हिएत नाकेबंदीचा धडा गिरवलेल्या या अर्ध्या शहरात गॅस शहरातच कोळशापासून तयार होत असे आणि कोळशाचा साठा करून ठेवता येत असे, म्हणून गॅसचे जाळे सांभाळले गेले. एवढेच नव्हे, तर १९५०च्या दशकात मोठ्या रस्त्यांसाठी नव्या घडणीचे, एका ओळीत नऊ मेंटलांचे गॅसदिवेही बसवले गेले. पुढे १९८५ पासून पश्चिम बर्लिनला सोव्हिएत रशियाचा नैसर्गिक वायू मिळू लागला. ज्याच्या भीतीने गॅस जपला त्याच्याच गॅसवर दिवे जळू लागले, ही त्यातली गंमत. आज उरलेले बहुतेक सगळे गॅसदिवे पश्चिमेकडच्या भागांत आहेत ते याच कारणाने. भिंत पडून दोन दशके उलटली, तरी अवकाश स्थानकातून रात्री काढलेल्या छायाचित्रांत शहराचे दोन अर्धे वेगळ्या रंगांचे दिसत होते, पूर्वेला सोडियमचा पिवळा आणि पश्चिमेला फिकट पांढरा. ती छायाचित्रे जगभर फिरली, पण रंगांच्या त्या फरकामागे दिव्यांचा असा इतिहास आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हते.

आता प्रशासनाची बाजू. ती कमकुवत आहे असे म्हणणे हा अप्रामाणिकपणा होईल. गॅसदिवा ऊर्जा उधळतो. त्याच्या जागी एलईडी बसवला तर ऊर्जेचा खर्च नव्वद टक्क्यांहून जास्त खाली येतो. दिवा पेटवण्यासाठी आत एक बारीक निळी ज्योत भर दुपारीही जळत असते. पूर्वी संध्याकाळी नळातल्या गॅसचा दाब क्षणभर वाढवून सगळ्या भागातले दिवे एकदम उघडत. आता बहुतेक ठिकाणी अंधाराची चाहूल घेणारा स्वयंचलित स्विच ते काम करतो, पण ती ज्योत काही सुटलेली नाही. अवजड ट्रक गेला, जोराचा वारा सुटला की मेंटल फुटते. मग उंच शिडीची गाडी घेऊन माणूस येतो, काच उघडतो, जुनी राख झाडतो, नवे मेंटल बसवतो. २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला आणि बर्लिनने दोनशेच्या आसपास स्मारकांवरचे प्रकाशझोत रात्री बंद केले, तेव्हा रस्त्यावर उघडपणे गॅस जाळण्याचे समर्थन करणे भल्याभल्यांना अवघड गेले. मलाही गेले.

अंधाराचाही प्रश्न आहे, आणि तो मी बाई म्हणून टाळणार नाही. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो. शाळेतून परतणारी मुले आणि कामावरून एकटीने घरी येणाऱ्या बाया ज्या रस्त्याने चालतात, तो पुरेसा उजळलेला असावा ही मागणी भाबडी नाही. गॅसदिव्याचा उजेड डोळ्यांना सुखावतो हे खरे, पण लिंडेनची झाडे पानांनी भरली की दोन खांबांच्या मध्ये अंधाराचा मोठा पट्टा पडतो. गॅसदिव्यांचे चाहते यावर सांगतात, की झगझगीत दिव्याखाली सावल्या जास्त काळ्या होतात आणि मंद उजेडात डोळा लवकर सरावतो, शिवाय या उजेडाकडे कीटक कमी ओढले जातात. त्यात तथ्य आहे. तरीही मोठ्या, वाहत्या रस्त्यांवरचे ते नऊ मेंटलांचे दिवे काढले गेले याचे मला दुःख झाले नाही. ते रस्त्याच्या कामाचे साधन होते आणि त्याहून चांगले साधन मिळाले.

माझा आक्षेप सुरू होतो तो शांत, जुन्या गल्ल्यांपाशी. तिथे जे जपायचे ते बीड आहे की उजेड? बिडाचे खांब ओतणारे कारखाने आजही आहेत. उद्या हवे तितके खांब नव्याने पाडून घेता येतील. कंदिलाचा आकारही पत्रा वाकवणाऱ्याला अवघड नाही. जे पुन्हा करता येणार नाही ते सगळे खांबाच्या आत आणि जमिनीखाली आहे, आणि माणसांच्या हातांत आहे. गॅसची ती बारीक नळी एकदा तोडून तिचे तोंड बंद केले, की ती पुन्हा कोणी जोडत नाही. मेंटल बसवण्याची आणि ज्योत नेमकी साधण्याची नजर ज्यांच्याकडे आहे ते कारागीर एकदा निवृत्त झाले, की ती नजर पुस्तकातून शिकता येत नाही. ‘फक्त आतला दिवा बदलतो’ असे म्हणणारा माणूस या तिन्ही गोष्टी एका वाक्यात मोडीत काढतो आणि वर वारसा राखल्याचे श्रेय घेतो.

एलईडीची नक्कल वाईट असते असे मला म्हणायचे नाही. हल्लीच्या नकला फार चांगल्या निघतात. मेंटलच्या आकाराचे चार छोटे एलईडी, उबदार पिवळसर रंगाचे, त्याच काचेत बसवलेले. वीस पावलांवरून माझ्यासारखीला झटकन फरक कळत नाही. जवळ गेले, की कळतो. खऱ्या दिव्याखाली उभे राहून कान दिला तर बारीक सूं ऐकू येते, चार मेंटलांपैकी एखादे जरा जास्त पिवळे असते, थंडीत काचेच्या कडेला बाष्प धरते. नकलेत चारही थेंब अगदी सारखे. पण फरक कळतो की नाही यावर मी निर्णय सोपवणार नाही. नक्कल करायची तर खुशाल करावी, फक्त तिची गणना जपलेल्या दिव्यांत करू नये. प्रशासनाच्या पत्रकांत आणि बातम्यांत हे दोन प्रकार ज्या सहजतेने एकमेकांत मिसळले जातात, ती सहजता घातक आहे, कारण त्यामुळे खरे किती उरले हे सामान्य माणसाला समजेनासे होते.

३,३०० या आकड्याबद्दलही बोलायला हवे. शंभरात एक-दीड दिवा जपायचा, हे प्रमाण मला तितकेसे खटकत नाही. ते दिवे कुठे आणि कसे ठेवणार, हा खरा प्रश्न आहे. पाच इथे, दहा तिथे असे विखुरलेले राहिले, तर प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र नळ, स्वतंत्र फेरी आणि स्वतंत्र खर्च येणार. संख्या घटेल तसे एका दिव्यामागचे काम महाग होत जाणार, आणि काही वर्षांनी कोणीतरी हिशेब मांडून दाखवणार, की हा वारसा परवडत नाही. आपल्याकडच्या ट्रामचा शेवट ज्यांनी पाहिला त्यांना ही पद्धत परिचयाची वाटेल. याउलट शार्लोटेनबुर्गची श्लोसश्ट्रासे, क्रॉइत्सबर्गमधला शामिसोप्लाट्झ किंवा डालेमच्या काही गल्ल्या अशा सलग वस्त्या संपूर्ण गॅसवर ठेवल्या, आजूबाजूला एकही नकली दिवा लावला नाही आणि त्यांच्यासाठी कारागिरांची एक छोटी कायमची तुकडी ठेवली, तर हेच ३,३०० दिवे आणखी पन्नास वर्षे आरामात जळतील.

हे स्वप्नरंजन नाही. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या जुन्या वरच्या गावात दोनशेच्या वर गॅसदिवे आहेत आणि दिवे लावणारी माणसे अजूनही रोज संध्याकाळी फेरी मारतात. पोलंडमधल्या व्रोत्सवाफला कॅथेड्रलच्या बेटावर तसेच. प्रागने तर काढून टाकलेले गॅसदिवे २००२ पासून राजांच्या मिरवणुकीच्या जुन्या मार्गावर परत आणले. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या पालिकेने आपले तीनशेच्या आसपास गॅसदिवे एलईडीवर नेण्याचे ठरवले, तेव्हा नागरिकांनी असा गदारोळ केला, की त्यांतल्या बऱ्याच दिव्यांना वारसा यादीत जागा मिळाली आणि ते गॅसवरच राहिले. या सगळ्या ठिकाणी दिवे थोडे आहेत, पण एकत्र आहेत, आणि ते कोणाच्या तरी रोजच्या कामाचा भाग आहेत.

बर्लिननेही एक वेगळा प्रयोग केला होता. टिअरगार्टन स्थानकाजवळ बागेच्या वाटेवर १९७८ मध्ये उघड्यावरचे गॅसदिव्यांचे संग्रहालय मांडले गेले. जर्मनीतल्या आणि युरोपातल्या निरनिराळ्या शहरांचे सुमारे ९० दिवे, सगळे चालू. कल्पना सुंदर होती. पण रात्री कोणी राखण करीत नसे. काचा फुटल्या, भाग चोरीला गेले, दुरुस्तीला पैसे उरले नाहीत, आणि शेवटी ते दिवे उतरवून तंत्रज्ञान संग्रहालयाकडे हलवण्याची पाळी आली. ज्या दिव्याखाली कोणी राहत नाही त्याची काच फुटली तर तक्रार करणारेही कोणी नसते. गल्लीतल्या दिव्याला निदान समोरच्या खिडकीतली आजी असते. तो दोन रात्री लागला नाही तर ती फोन करते.

मुंबईकर म्हणून हे सगळे पाहताना आपली आठवण होणे अपरिहार्य आहे. मुंबईत रस्त्यावर गॅसदिवे प्रथम लागले ते १८६५च्या ऑक्टोबरात. दिवे लावणाऱ्यांच्या मागोमाग बघ्यांची गर्दी खांबाखांबाला थांबत चालली होती, असे त्या दिवसाचे वर्णन जुन्या नोंदींत आहे. गॅस तयार होई तो परळ-लालबागच्या बाजूला, आणि गिरणगावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘गॅस कंपनी’ हा पत्ता अजून आहे. दिवे मात्र गेले. मुंबईत गॅसवर जळणारा एकही पथदिवा मी पाहिलेला नाही. त्यांच्या बदल्यात आपल्या शहरांत हल्ली तलावाकाठी, चौपाटीवर आणि चौकाचौकांत ‘हेरिटेज लूक’चे काळे-सोनेरी खांब उगवतात, ज्यांचा त्या जागेच्या इतिहासाशी सुतराम संबंध नसतो आणि ज्यांच्या गोल हंड्यांतून ऑपरेशन थिएटरसारखा पांढरा उजेड पडतो.

तरीही उजेडासाठी भांडायचे कसे हे मुंबईला माहीत आहे. २०१५च्या सुरुवातीला मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले गेले, तेव्हा राणीचा हार विद्रूप झाला म्हणून ओरड झाली, राजकीय पक्ष एकमेकांवर तुटून पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे तिथे पिवळसर उजेडाचे दिवे आले. त्या सगळ्या गदारोळात खांबांबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते. खांब कोणते होते हेही बहुतेकांना सांगता आले नसते. लोक भांडले ते रंगासाठी, आणि माझ्या मते ते अगदी नेमक्या जागी भांडले. सोडियमचा दिवा काही पुराणवस्तू नव्हता आणि वीज वाचवण्याला कोणाचा विरोध नव्हता, म्हणून तिथे एलईडी पिवळा करून प्रश्न सुटला. गॅसदिव्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही, कारण त्याचा उजेड बल्बमधून येत नसून एका अख्ख्या व्यवस्थेतून येतो.

या वर्षी कोणी बर्लिनला येणार असाल तर टिअरगार्टनच्या त्या संग्रहालयासाठी वाकडी वाट करू नका. जुन्या प्रवासपुस्तकांत त्याचे कौतुक अजून छापलेले असते. त्याऐवजी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शामिसोप्लाट्झला जा. उन्हाळ्यात येणार असाल तर दिवे लागायला रात्रीचे साडेनऊ-दहा वाजतात, हे लक्षात ठेवून जेवण आधी उरका. खांबाजवळ जाऊन कंदिलात डोकावून पाहा, मेंटल दिसते का थेंबाच्या आकाराचा एलईडी, आणि जे दिसेल ते इथे कमेंटमध्ये लिहा. कोणत्या गल्लीत खरे किती उरले आहेत याची एक यादी मी करते आहे. ती पुढच्या वेळी नागरिकांच्या हरकती मागवल्या जातील तेव्हा संबंधितांकडे द्यायची आहे.